मुखाबाहेरचा थांबा

आउटबोर्ड इंजिनासोबत जे माहितीपुस्तक येतं, त्यात पेट्रोलविषयी ठळक सूचना असते: सुटी टाकी होडीतून उतरवा, जमिनीवर ठेवा आणि मगच भरा. सूचना बरोबर आहे. शक्य असेल तेव्हा मीही तेच करतो. पण देवबागहून निघायचं, निवतीच्या दीपगृहाच्या बाजूला गळ टाकणाऱ्यांना त्यांच्या मनासारखं दोन-तीन ठिकाणी फिरवायचं आणि दुपारच्या वाऱ्यात परत यायचं, एवढ्या फेरीत जमीन नुसती दिसत राहते, पायाखाली येत नाही. अशा दिवशी टाकी पाण्यावरच बदलावी किंवा तिच्यात पेट्रोल घालावं लागतं. ते कसं करायचं हे पुस्तक सांगत नाही. आम्ही काही म्हाताऱ्यांकडून घेतलं आणि काही आपापल्या भीतीतून ठरवलं.

मी होडी चालवतो. थंडीत पर्यटक असतात. अधूनमधून पाण्याचे नमुने घ्यायला कॉलेजची मुलं येतात. मेच्या अखेरीस प्रवासी फेऱ्या बंद झाल्या की होडी माडाखाली जाते आणि इंजिन पडवीत. होडी फायबरची, मागच्या फळीवर ९.९ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक इंजिन, पायाशी लाल रंगाची २४ लिटरची टाकी, तिच्यातून इंजिनाकडे गेलेली काळी नळी आणि नळीच्या मध्ये हाताने दाबायचा रबरी बल्ब. सगळा कारभार एवढाच. इंजिन बंद पडलं की लोक झाकण उघडून प्लग बघायला लागतात. माझ्या बघण्यात मात्र निम्म्या वेळा दोष त्या नळीत, बल्बमध्ये नाहीतर टाकीच्या बुचात निघतो.

ही सुटी टाकी आज सगळ्यांना इतकी सवयीची झाली आहे की ती मुळात नव्हती हे लक्षात येत नाही. ओले एव्हिनरूडने १९०९ मध्ये अमेरिकेत आउटबोर्ड विकायला सुरुवात केली तेव्हा आणि पुढे कित्येक वर्षं टाकी इंजिनाच्या अंगावरच असायची. म्हणजे पेट्रोल संपलं की तापलेल्या इंजिनाच्या डोक्यावर ओतायचं. १९४९ मध्ये जॉन्सन कंपनीने १० हॉर्सपॉवरच्या इंजिनाला वेगळी टाकी आणि नळी दिली. माझ्या दृष्टीने गिअरपेक्षाही ही सोय मोठी. टाकी वेगळी झाली आणि दुसरी भरलेली टाकी बरोबर ठेवता यायला लागली. पाण्यावर पेट्रोल घालायची सगळ्यात चांगली रीत म्हणजे ते न ओतणं: एका टाकीची नळी काढायची, दुसरीला लावायची.

म्हणून दोन टाक्या ठेवतो. दुसरी टाकी महाग पडते म्हणून बरेच जण कॅनवर भागवतात. त्यांना मी नावं ठेवत नाही. जाळ्याचा, बर्फाचा आणि इंजिनाचा हप्ता एकाच महिन्यात येतो तेव्हा रिकाम्या प्लास्टिकच्या डब्याला एवढे पैसे घालवणं जिवावर येतं. तरी कुणी विचारलं तर मी सांगतो, मासे शोधायचं यंत्र पुढच्या वर्षी घे, टाकी आधी घे.

हिशेब साधा आहे. इंजिन पूर्ण रेसवर असेल तर तासाला साधारण चार-पाच लिटर पेट्रोल खातं. अर्ध्या रेसवर त्याहून पुष्कळ कमी. जुना नियम तीन हिश्शांचा: एक हिस्सा जायला, एक यायला, एक शिल्लक. मला तो सकाळपुरता पटतो. आमच्याकडे पहाटे मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. नुसतं हँडल धरलं तरी होडी बाहेर जाते, आणि त्या खर्चावरून परतीचा अंदाज बांधला की तो हमखास चुकतो. दुपारी वारा फिरतो, वायव्येकडून भरून येतो आणि निवतीकडून देवबागला येणाऱ्याच्या थेट नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, बसतो. त्याच अंतराला दीडपट पेट्रोल गेलं तरी नवल नाही. टाकीवरच्या काट्याला हे कसं कळणार! मी काट्याकडे बघतच नाही, टाकी हाताने उचलून बघतो. भरलेल्या टाकीतलं पेट्रोलच सतरा-अठरा किलो असतं. हाताला आठवण राहते.

पण पेट्रोल किती उरलं यापेक्षा टाकी कुठे बदलायची हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तो मला आबांनी शिकवला. आबा आमच्या वाडीतले जुने तांडेल. रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यावर, वाढलेले, इंजिन उतारवयात हाताळायला शिकलेले, आणि म्हणूनच बहुधा त्याच्यावर कधीही पूर्ण विश्वास न ठेवणारे. मार्चमधली दुपार होती. निवतीहून परत येत होतो, मी हँडलवर, आबा नाळेवर. समोर कर्ली नदीचं मुख दिसत होतं. एका बाजूला भोगव्याचा डोंगर, दुसऱ्या बाजूला देवबागची वाळूची जीभ. सुकती लागलेली. टाकी हलवून बघितली तर पाव टाकी तरी पेट्रोल होतं. घर दहा-पंधरा मिनिटांवर. आणि आबांनी हात वर केला.

"थांबव. टाकी बदल."

"आबा, घराकडे इलो आपण. टाकीत आसा अजून."

"आसा म्हणानच थांबव. सपल्यार थांबवूचा लागतला नाय, ता आपणच थांबतला. खंय थांबतला, ता तुका इचारूचा नाय."

मी रेस कमी केली, तोंड वाकडं केलं, आणि टाकी बदलली. मुखातून आत शिरलो तेव्हा कारण दिसायला लागलं. नदीचं पाणी ओहोटीबरोबर बाहेर ओढत होतं, बाहेरून वाऱ्याने आणलेल्या लाटा त्याच्या अंगावर येत होत्या, आणि जिथे दोघांची गाठ पडते त्या वाळूच्या उथळ पट्ट्यावर प्रत्येक लाट उभी राहून फुटत होती. बाहेर ज्या लाटेवर होडी नुसती वरखाली होते तीच लाट इथे भिंत होते. अशा जागी इंजिन हे होडीचं सुकाणूही असतं. आउटबोर्डला वेगळं सुकाणू नाही, पंखा फिरला तरच होडी वळते. तो थांबला की दोन लाटांत होडी आडवी होते आणि तिसरी आत येते.

पाव टाकी बाहेर पुरेशी असते, पण मुखात नाही. याला कारण आहे. टाकीत आतल्या बाजूला एक बारीक नळी तळापर्यंत गेलेली असते, तिच्यातून इंजिन पेट्रोल ओढतं. टाकी भरलेली असेल तर होडी कशीही आपटो, नळीचं टोक पेट्रोलात बुडालेलं राहतं. पाव टाकीत मात्र नाळ उचलली की सगळं पेट्रोल एका बाजूला धावतं, टोक उघडं पडतं आणि इंजिन हवा गिळतं. शिवाय तळाशी बसलेला गाळ आणि पाण्याचे थेंब ढवळून निघतात आणि तेही नळीत जातात. म्हणजे ज्या क्षणी पूर्ण रेस हवी, त्याच क्षणी इंजिन खोकतं. वाळूवर उभे असलेले लोक म्हणतात, "पेट्रोल संपलं वाटतं." पेट्रोल असतंच, चुकीच्या कोपऱ्यात असतं.

पुढे एकदा मी हे किनाऱ्यावरून बघितलं. बाहेरगावची होडी होती. मुखात इंजिन दोनदा अडखळलं, तिसऱ्यांदा गप्प झालं. चालवणारा दोरी ओढत राहिला, दुसरा कॅन शोधायला वाकला, दोघंही मागे, मागची फळी आधीच खाली गेलेली. लाटेने होडी भरली आणि वाळूवर लोटली. पाणी कमरेएवढंच होतं, माणसं चालत आली. जाळं गेलं, इंजिन खाऱ्या पाण्यात बुडालं. संध्याकाळपर्यंत गावात त्या इंजिनाच्या कंपनीची निंदा चालू होती. मला कंपनीचा काही दोष दिसला नाही.

तेव्हापासून मुखाच्या बाहेर, लाटा फुटायला लागतात त्याच्या बऱ्याच अलीकडे, माझा एक थांबा असतो. टाकीत अर्ध्याहून कमी असेल तर तिथे बदलायचीच. प्रवाशांना ते विचित्र वाटतं. पुण्याचे एक काका मला म्हणाले होते, "अहो, घर दिसतंय की समोर, आता कशाला?" त्यांना मुखातल्या लाटा दाखवल्या. त्यांनी लगेच लाइफ जॅकेटचा पट्टा घट्ट केला. त्यापेक्षा चांगलं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

थांबल्यावर पहिलं काम टाकीचं नाही, नांगराचं. इंजिन बंद केलेली आउटबोर्डची होडी नाळ वाऱ्याकडे धरून राहत नाही. नाळ हलकी असते, वारा तिला ढकलून देतो. मागे इंजिनाचा पाय पाण्यात रुतलेला असतो, तो ब्रेक लावतो. परिणाम असा की होडी हळूहळू आडवी होते किंवा मागची बाजू वाऱ्याकडे करते आणि लाटा नेमक्या त्या ठेंगण्या फळीवर चढायला लागतात, जिथे आपण टाकी उघडून बसलो आहोत. म्हणून नांगर नाळेवरून टाकायचा. मागून कधीच नाही. चार-पाच बाव पाणी असेल तर त्याच्या पाचपट तरी दोरी सोडायची, नाहीतर नांगर नुसता वाळूवरून घसरत जातो. नांगर लागला, होडी वाऱ्याला तोंड देऊन उभी राहिली, की मग इंजिन बंद.

दुसरं काम माणसांचं. इंजिनाचा आवाज थांबला की होडीतला प्रत्येक जण उठतो आणि मागे बघायला येतो. हे मी अपवादाशिवाय बघितलं आहे. डॉक्टर असो, शाळेतली मुलं असोत, सगळ्यांचे पाय आपोआप इंजिनाकडे वळतात. चार माणसं मागे आली की फळी पाण्याला टेकते. म्हणून मी थांबायच्या आधी सांगतो, थांबल्यावर नाही: आता मी इंजिन मुद्दाम बंद करणार आहे, काही बिघडलेलं नाही, कुणी जागचं उठायचं नाही, विडी-सिगारेट नाही, आणि ज्यांना मळमळतं त्यांनी खाली न बघता भोगव्याच्या डोंगराकडे बघत बसायचं. डोंगराचं कारण खरं आहे. चालती होडी थांबली की ती चारी बाजूंनी डोलते, त्यात पेट्रोलचा वास आला की सकाळचे घावणे बाहेर यायला वेळ लागत नाही. डोंगर हलत नाही, डोळ्यांना आधार मिळतो.

मग टाकी. जुनीच्या बुचावरचा हवेचा स्क्रू बंद, नळीचं टोक काढायचं, नव्या टाकीला लावायचं, तिचा हवेचा स्क्रू उघडायचा. हा शेवटचा स्क्रू लोक विसरतात. वाहतुकीत तो बंद ठेवलेला असतो, म्हणजे वाफ बाहेर येत नाही. पण चालताना बंद राहिला तर पेट्रोल बाहेर जातं आणि त्याच्या जागी हवा आत येत नाही. टाकीचे गाल आत जातात आणि काही मिनिटांनी इंजिन बंद पडतं. नवी भरलेली टाकी लावल्यावर थोड्याच वेळात इंजिन बंद पडलं, तर कार्ब्युरेटर खोलण्याआधी बुचाकडे बघावं. नंतर बल्ब दाबायचा, बाण इंजिनाच्या दिशेने ठेवून. कडक झाला की पेट्रोल पोचलं. कडकच होत नसेल तर कुठून तरी हवा शिरते आहे, बहुतेक वेळा नळीच्या टोकातल्या रबरी रिंगमधून. ती रिंग काही रुपयांची असते. अशा दोन-तीन रिंगा मी कॅमेऱ्याच्या फिल्मच्या जुन्या डबीत ठेवतो. आता तसल्या डब्याही मिळत नाहीत, ही वेगळी रड.

आबा इंजिन बंद न करताच टाकी बदलायचे. कार्ब्युरेटरच्या वाटीत थोडं पेट्रोल उरतं, मंद रेसवर त्यावर थोडा वेळ इंजिन चालतं, तेवढ्यात त्यांचा हात इकडची नळी तिकडे लावून मोकळा. बघायला सुंदर. एकटा असलो आणि समुद्र खवळलेला असला तर मीही करतो, कारण तेव्हा इंजिन चालू राहणं हीच सुरक्षा. होडीत माणसं असतील तेव्हा नाही. नळीच्या टोकातून चमचाभर पेट्रोल सांडतंच, आणि शेजारी चालतं इंजिन.

ओतायचीच वेळ आली तर गोष्ट बदलते. पेट्रोल उणे ४० अंशांच्याही खाली पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. म्हणजे आपल्या हवेत ते कायमच तयार असतं. रॉकेलचं तसं नाही, त्याला साधारण ३८ अंशांच्या वर तापावं लागतं. म्हणून रॉकेलची सवय असलेला माणूस पेट्रोलशी फाजील सलगी करतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड. ती उडून जात नाही, होडीच्या तळाशी उतरते, फळ्यांखाली, जाळ्याखाली, बॅटरीच्या पेटीपाशी साचून राहते. वर वारा असतो, नाकाला वास येत नाही, आणि खाली मात्र भडका उडण्याइतकी वाफ. म्हणून ओतून झाल्यावर लगेच दोरी ओढायची नाही. फळ्या उचलायच्या, फडक्याने पुसायचं, ते फडकं झाकणाच्या डब्यात घालायचं, वारा खेळू द्यायचा. पाच मिनिटं समुद्रावर फार लांब वाटतात. नांगर टाकलेला असेल तर तेवढी लांब वाटत नाहीत.

ओतण्याचं भांडं लहान हवं. वीस लिटरचा कॅन म्हणजे पंधरा किलो, तो डोलत्या होडीत उभं राहून उचलायचा आणि नरसाळ्याच्या तोंडावर धरायचा, हे पैलवानाचंही काम नाही. पाच लिटरचे कॅन बरे. त्याहून बरी ती तोंडाशी गोटीची झडप असलेली नळी: एक टोक उंचावर ठेवलेल्या कॅनमध्ये बुडवून चार-सहा वेळा वरखाली हलवली की पेट्रोल आपोआप वाहायला लागतं. कॅन बाकावर, टाकी खाली, हात मोकळे. पूर्वी हेच काम नळी तोंडात धरून ओढून करायचे. अजूनही काही जण करतात. पेट्रोल पोटात जाणं वाईटच, फुप्फुसात जाणं त्याहून वाईट. एक घोट चुकीच्या वाटेने गेला तरी माणूस दवाखान्यात पोचतो. नळी दोनशे-तीनशे रुपयांत मिळत असताना हे धाडस कशासाठी, मला कळत नाही.

आणि टाकी गळ्यापर्यंत भरायची नाही. पेट्रोल उन्हात फुगतं. २४ लिटर पेट्रोल २० अंशांनी तापलं तर जवळजवळ अर्धा लिटर वाढतं, आणि एप्रिलमध्ये लाल टाकीला २० अंश तापायला दहा वाजेपर्यंतचं ऊन पुरतं. वाढलेलं पेट्रोल बुचातून बाहेर येतं आणि पाण्यावर रंगीत तवंग धरतं. मालवणच्या किल्ल्याभोवतीचा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, खडकांवर प्रवाळ आहे. तिथे पाण्याखाली पोहायला उतरलेला माणूस त्या तवंगातून डोकं वर काढतो तेव्हा त्याची कातडी चांगलीच चुरचुरते. प्रवाळाचं काय होत असेल ते तो सांगू शकत नाही. काही जण तवंगावर साबणाचं पाणी ओततात. त्याने रंग जातो, पेट्रोल जात नाही, खाली उतरतं एवढंच.

ऑइलचं माप मी पाण्यावर कधीच करत नाही. टू-स्ट्रोकला पेट्रोलातच ऑइल लागतं, पन्नासाला एक, म्हणजे लिटरला २० मिली. हे घरी, पडवीत, मापाच्या बाटलीने. आधी थोडं पेट्रोल, मग ऑइल, डब्बा हलवायचा, मग उरलेलं पेट्रोल. डोलत्या होडीत अंदाजाने ऑइल टाकणारा भीतीपोटी नेहमी जास्त टाकतो, मग प्लग काळा पडतो आणि इंजिन सुरू होत नाही. स्कूटरचं ऑइलही चालत नाही. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाचं ऑइल वेगळं असतं.

पंपावरून पेट्रोल आणणं हा वेगळाच भाग. १९३४ चा पेट्रोलियम कायदा म्हणतो, ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय जवळ ठेवता येतं, पण भांडं काचेचं, चिनी मातीचं किंवा धातूचं हवं. तो लिहिणाऱ्यांसमोर प्लास्टिकचे कॅन नव्हते. इंजिनाबरोबर कंपनीची टाकी येते ती मात्र प्लास्टिकची. पंपावरच्या पोराला हे सगळं समजावत उभं राहण्यापेक्षा मी धातूचे दोन कॅन घेतले. ते रिक्षातून उतरवून जमिनीवर ठेवून भरतो, पंपाच्या पिस्तुलाचं तोंड कॅनला टेकवून. गाडीतल्या प्लास्टिकवर ठेवलेल्या भांड्यात पेट्रोल पडताना वीज साठते आणि तिची ठिणगी उडू शकते. इथे माहितीपुस्तकाचं मी अक्षर न् अक्षर ऐकतो.

सगळ्यात अवघड स्थिती लहान इंजिनवाल्यांची. एकटा माणूस, छोटी होडी, दोन-अडीच हॉर्सपॉवरचं इंजिन आणि त्याच्या डोक्यावरच एक-दीड लिटरची टाकी. रात्री न्हय, म्हणजे वाहतं जाळं, टाकायला जातात त्यातले काही असे. त्यांना दर तासाभराने अंधारात, तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ओतावं लागतं, १९४९ च्या आधी जगभर ओतत होते तसंच. त्यांना "थंड होईपर्यंत थांबा" हे सांगायला आपण किनाऱ्यावर असतो. ओळखीचा एक जण जाळं टाकून झालं की इंजिन बंद करतो, जाळं वाहू देतो, चहा पितो आणि मग भरतो. जाळ्याच्या वेळेतच त्याने थंड होण्याची वेळ बसवली आहे. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. केरळच्या किनाऱ्यावर आउटबोर्ड बरेच रॉकेलवर चालतात. त्यांना पेट्रोलवर सुरू करून तापल्यावर रॉकेलवर घालायचं, बंद करायच्या आधी पुन्हा पेट्रोलवर आणायचं, अशी दोन टाक्यांची कसरत. पण समुद्रात ओतताना त्यांच्या मनावरचं ओझं आपल्याहून कमी असणार.

आता नवी डोकेदुखी इथेनॉलची. २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं आणि २०२५ पर्यंत सगळीकडे तेच झालं. गाडीवाल्यांची भांडणं मायलेजवर आहेत. आमचं दुखणं पाण्याचं. साध्या पेट्रोलात समुद्राचं पाणी उडालं तर ते तळाशी गोळा होऊन बसायचं, गाळणीच्या वाटीत दिसायचं, काढून टाकता यायचं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, हवेतला दमटपणाही. एका मर्यादेपर्यंत काही दिसत नाही. ती ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून एकदम वेगळे होतात आणि तळाशी थर करून बसतात. नळीचं टोकही तळाशीच. त्या थरात ऑइल नसतं, म्हणजे इंजिन चालतं तेवढा वेळ कोरडं घासतं. म्हणून उघड्या समुद्रावर बूच काढणं आता पूर्वीपेक्षा महाग पडतं. लाटेचे दोन शिंतोडे आत गेले तरी. पावसाळ्याआधी मी टाक्या रिकाम्या करतो. नारळी पौर्णिमेनंतर जुन्या पेट्रोलाचा थोडा नमुना काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवून बघतो. सकाळी खाली रेघ दिसली की ते पेट्रोल होडीत जात नाही.

पाण्यावर पेट्रोल मागणाऱ्याला नाही म्हणायचं नसतं. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण तो मोडलेला मी पाहिला नाही. जाळ्यावरून ज्याच्याशी महिनाभर बोलणं बंद आहे असा माणूसही वल्हं उभं करून हात हलवायला लागला तर होडी वळते. वाऱ्याखालून हळू जायचं, दोन्ही नाळा एकमेकींना न भिडवता दोरी टाकायची, कॅन दोरीला बांधून पाण्यावरून सोडायचा. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, बंद कॅन तरंगत जातो. आधी एक विचारायचं: टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक? माझ्या कॅनमध्ये ऑइल घातलेलं असतं, ते फोर-स्ट्रोकला मुखापर्यंत चालून जाईल, धूर काढील एवढंच. उलट फोर-स्ट्रोकवाल्याचं कोरडं पेट्रोल माझ्या इंजिनात घालणं म्हणजे ते मारणं. म्हणून आणीबाणीसाठी ऑइलची छोटी बाटली माझ्याकडे असते, आणि लिटरला किती ते तिच्यावर रेघा मारून ठेवलेलं आहे. मापाचं काम पाण्यावर करायचं नाही म्हटलं, त्याला हा एवढा अपवाद.

पैसे घेत नाहीत. पेट्रोल परत येतं, कधी दुसऱ्या दिवशी, कधी बांगड्याच्या पिशवीच्या रूपात. गेल्या मोसमात एकाला पाच लिटरचा कॅन सोडला होता. तो परत आला थेट गणपतीत, काठोकाठ भरलेला, आणि आणणाऱ्याने अभिमानाने सांगितलं, "मे महिन्यातच भरून ठेवलेलंय, इसरलंय नाय." मी त्याला चहा दिला, तो गेल्यावर बाटलीत नमुना काढला. सकाळी तळाशी बोटभर रेघ. त्याला हे अजून सांगितलेलं नाही. कॅन मात्र धुऊन वाळवून पुन्हा होडीत ठेवला आहे, कारण तो या वर्षीही माझ्याच बाजूला जाळं टाकणार आहे आणि त्याची टाकी अजून एकच आहे.